तुमचे प्रश्न : मंत्री निवडायचा राष्ट्राध्यक्षानं, पण पास करायचा सिनेटनं

गेल्या अंकात अमेरिकेतल्या सत्ताबदलावर लेख आला होता. त्यात मी एका ओळीत लिहून गेलो होतो की तिकडं नव्या राष्ट्राध्यक्षाला आपले मंत्री परस्पर नेमता येत नाहीत, सिनेटची संमती लागते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नेहमीप्रमाणं नावं न छापता फक्त गावं टाकलीत.

सांगली : सर, आपल्याकडं निकाल लागला की शपथविधी, विषय संपला. तिकडं नोव्हेंबरात निवडून आलेला माणूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत मंत्रीच जमवत असतो. एवढा वेळ का लागतो? आणि हे सिनेट नेमकं कोण?

विषय संपला म्हणताय, पण आपल्याकडंही लगेच संपत नाही. २०२४ चंच बघा ना, विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला, मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांची शपथ ५ डिसेंबरला झाली, बाकीच्या ३९ मंत्र्यांची नागपुरात १५ डिसेंबरला, आणि खातेवाटप व्हायला २१ तारीख उजाडली. म्हणजे जवळपास महिना गेलाच की. फरक एवढाच की आपला महिना बंद खोलीत जातो, कुणाला का घेतलं आणि कुणाला का वगळलं ते आपल्याला बातमीदारांच्या 'सूत्रांकडून' कळतं, आणि तिकडचे महिने कॅमेऱ्यासमोर जातात.

आता सिनेट. अमेरिकन संसदेची दोन सभागृहं आहेत, हाऊस आणि सिनेट. सिनेटमधे प्रत्येक राज्याचे दोन असे १०० जण असतात, कॅलिफोर्नियाचेही दोनच आणि इवल्याशा वायोमिंगचेही दोनच. मंत्र्यांच्या नेमणुकीत हाऊसला काही विचारत नाहीत, सगळं सिनेटकडं. घटनेच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की राष्ट्राध्यक्षानं नाव सुचवायचं आणि सिनेटच्या सल्ल्यानं व संमतीनं नेमायचं.

आणि हे असं का, तर तिकडं मंत्री संसदेचा सदस्य असूच शकत नाही. आपल्याकडं आमदार-खासदार असल्याशिवाय सहा महिन्यांपलीकडं मंत्रिपदावर राहता येत नाही, तिकडं बरोब्बर उलटं, सिनेटर असाल तर राजीनामा देऊन मगच मंत्री व्हायचं. मार्को रुबिओ फ्लोरिडाचे सिनेटर होते, ती जागा सोडून परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे मंत्री होणारा माणूस कुठलीही निवडणूक न लढलेला असू शकतो, कंपनीचा मालक, प्रोफेसर, टीव्हीवरचा अँकर, कोणीही. मग त्याला लोकांच्या वतीनं कोणीतरी तपासून घ्यायला नको का? ते काम सिनेटचं.

पुणे, सदाशिव पेठ (एमपीएससीचा अभ्यास करणारा विद्यार्थी) : तिकडच्या मंत्र्यांना सेक्रेटरी का म्हणतात? क्लासच्या नोट्समधे एका ठिकाणी परराष्ट्र सचिव लिहिलंय आणि दुसरीकडं परराष्ट्रमंत्री, परीक्षेत काय लिहू?

परराष्ट्रमंत्री लिही. त्यांचा सेक्रेटरी म्हणजे आपला मंत्री. आपला परराष्ट्र सचिव हा सेवेतला अधिकारी असतो, त्याची तुलना तिकडच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटशी करायची नाही. अजून एक ठिकाण जिथं हमखास घोळ होतो ते म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. आपल्याकडं अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे महान्यायवादी, सरकारचे सर्वोच्च वकील, मंत्रिमंडळात नसतात. तिकडं तो अख्ख्या न्याय खात्याचा प्रमुख, एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्याच्या हाताखाली, म्हणजे सरळ मंत्रीच. अशी १५ खाती आहेत, त्यांचे १५ प्रमुख सिनेटकडून पास होऊन येतात, शिवाय मंत्र्याचा दर्जा दिलेली काही पदं असतात ती प्रत्येक राष्ट्राध्यक्ष आपापल्या मर्जीनं ठरवतो.

रत्नागिरी : नाव जाहीर झाल्यापासून शपथ घेईपर्यंत त्या माणसाचं काय काय होतं ते जरा सविस्तर सांगाल का?

सांगतो, मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि शपथविधी २० जानेवारीला, म्हणजे मधे जेमतेम अडीच महिने. या काळात निवडून आलेला नेता एकेक नाव जाहीर करतो. नाव जाहीर झालं की त्या माणसाच्या मागं कागदांचा ससेमिरा लागतो. एफबीआय जुने शेजारी, जुने सहकारी, कधीकधी घटस्फोट झालेला जोडीदार अशा सगळ्यांकडं चौकशी करू शकते. दुसरीकडं पैशाचा हिशोब, शेअर्स कुठले, कर्ज कुणाचं, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर काय, पगार कुठून येतो. तो सगळा कागद सरकारी नैतिकता कार्यालय तपासतं आणि मग ठरतं की काय काय विकून टाकायचं आणि कुठल्या विषयापासून लांब राहायचं. २०१७ ला रेक्स टिलरसन परराष्ट्रमंत्री झाले, त्याआधी ते एक्सॉनमोबिल या तेल कंपनीचे प्रमुख होते, त्यांना कंपनीकडून पुढं मिळणारे शेअर्स सोडून त्याबदल्यातली जवळपास १८ कोटी डॉलरची रक्कम वेगळ्या ट्रस्टमधे ठेवावी लागली होती.

मग भेटीगाठी. उमेदवार एकेका सिनेटरच्या ऑफिसात जाऊन भेटतो, आणि त्याला फिरवायला एक अनुभवी माणूस दिलेला असतो, त्याला तिकडं चक्क 'शेर्पा' म्हणतात, कारण डोंगर चढवायचं कामच ते. सुनावणीच्या आधी रंगीत तालीम होते, ओळखीचीच माणसं सिनेटर बनून समोर बसतात आणि जितके म्हणून वाकडे प्रश्न सुचतील तितके विचारून त्याला घाम फोडतात, या तालमीचं नाव 'मर्डर बोर्ड'.

आणि मग खरी सुनावणी. ज्या खात्याचा मंत्री त्या विषयाची समिती बसते, संरक्षणाला लष्करी सेवा समिती, अर्थ खात्याला वित्त समिती, अ‍ॅटर्नी जनरलला न्याय समिती. प्रत्येक सिनेटरला ठरलेली काही मिनिटं मिळतात. सुनावणी झाली की लेखी प्रश्न येतात, कधी शेकड्यांनी, त्यांची लेखी उत्तरं द्यायची. मग समितीचं मतदान आणि शेवटी पूर्ण सिनेटचं. साधं बहुमत पुरतं. आधी अडवणूक करणाऱ्यांना थांबवायला ६० मतं लागायची, ती अट नोव्हेंबर २०१३ मधे डेमोक्रॅट्सचे नेते हॅरी रीड यांनी काढून टाकली (सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश तेव्हा वगळले होते, २०१७ ला रिपब्लिकनांनी तेही घेतलं). त्याचा परिणाम असा झाला की राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाकडं ५१ जण असतील तर विरोधकांची मनधरणी करायची गरजच उरत नाही. माझ्या मते त्या एका दिवसानं या पद्धतीचं खूप नुकसान केलं, जरी तेव्हाची अडवणूकही अती झाली होती हे मान्य.

कोल्हापूर : तुम्ही एवढं कौतुक करताय पण मी शोधलं तर अडीचशे वर्षांत फक्त नऊच नावं मतदानात पडलीत. म्हणजे सगळे पासच होतात ना? मग हा नुसता देखावा झाला.

नऊ हा आकडा बरोबर आहे. पण त्या आकड्यावरून काढलेला अर्थ मला पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगायला पाहिजे, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय.

आधी त्या नऊतले ठळक बघू. पहिला बळी १८३४ चा, अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्थमंत्री रॉजर टॉनी, बँकेच्या भांडणात सिनेटनं त्यांना पाडलं (दोनच वर्षांत तेच टॉनी सरन्यायाधीश झाले). मग जॉन टायलर नावाचे राष्ट्राध्यक्ष आले, त्यांना त्यांच्याच व्हिग पक्षानं बाहेर काढलं होतं, त्यामुळं सिनेटशी रोजचं वाकडं. नऊपैकी चार नावं या एकट्याची. त्यात केलेब कुशिंग यांचं नाव तर त्यांनी ३ मार्च १८४३ ला एकाच दिवसात तीनदा पाठवलं आणि सिनेटनं तीनदा पाडलं, तिसऱ्या वेळेला बाजूनं फक्त दोन मतं.

१९२५ चा किस्सा तर मी कुणालाही सांगत बसतो. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी चार्ल्स वॉरन यांना अ‍ॅटर्नी जनरल म्हणून सुचवलं, साखर उद्योगाशी त्यांचे जुने लागेबांधे म्हणून विरोध होता. मतदान झालं ४०-४०. बरोबरी फोडायचा अधिकार उपराष्ट्राध्यक्षाचा, आणि उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉज तेव्हा विलर्ड हॉटेलात दुपारची झोप काढत होते! त्यांना सांगितलं होतं की आज मतदान होणार नाही. उठवलं, टॅक्सीनं धावत आले, पण तोवर एका सिनेटरनं मत बदललं आणि वॉरन पडले.

१९५९ ला लुईस स्ट्रॉस ४६-४९ नं पडले, अणुशास्त्रज्ञ ओपनहायमर यांची सुरक्षा परवानगी काढून घेण्यामागं ज्यांचा हात होता तेच स्ट्रॉस, आयझेनहॉवर यांनी त्यांना वाणिज्यमंत्री करायला घेतलं होतं. आणि शेवटचा नववा, १९८९, जॉन टॉवर, संरक्षणमंत्रिपदासाठी. हे स्वतः टेक्सासचे माजी सिनेटर, त्याच लष्करी सेवा समितीचे माजी अध्यक्ष, म्हणजे समोर बसलेले सगळे जुने मित्र. तरी दारू आणि संरक्षण कंपन्यांशी असलेले संबंध यावरून ४७-५३ नं पाडलं.

तेव्हापासून एकही पडला नाही. बरोबर. पण तुम्ही पडलेले मोजताय, मतदानापर्यंत पोचलेच नाहीत त्यांना कोण मोजणार? ज्याला कळलं की आपल्याला मतं नाहीत तो मतदानाची वाट कशाला बघेल, आधीच माघार घेतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प यांनी मॅट गेट्झ यांचं नाव अ‍ॅटर्नी जनरल म्हणून जाहीर केलं, त्यांच्यावर हाऊसच्या नैतिकता समितीची चौकशी चालू होती, रिपब्लिकन सिनेटरच कुरकुरायला लागले आणि २१ तारखेला गेट्झ यांनी माघार घेतली, आठ दिवसांत. मतदान नाही, सुनावणीसुद्धा नाही. तुमच्या नऊमधे हे नाव कुठंच दिसणार नाही. २०१७ चे अँड्र्यू पझडर, २००१ च्या लिंडा चावेझ, दोघंही कामगार खात्यासाठी, दोघंही असेच मागं फिरले.

आणि त्याच्याही आधीची पायरी म्हणजे जी नावं ओठावर येऊन परत गेली ती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मधे वर्तमानपत्रातल्या एका निबंधात हेच लिहून ठेवलंय, की हा अंकुश बहुतेक वेळा आवाज न करता काम करेल, आपल्या गावचा, आपल्या नात्यातला किंवा नुसता होयबा माणूस पुढं करायला राष्ट्राध्यक्षाला लाज वाटेल आणि भीती वाटेल. पुढं ११ सप्टेंबर १७८९ ला वॉशिंग्टन यांनी याच हॅमिल्टन यांचं नाव अर्थमंत्री म्हणून पाठवलं आणि सिनेटनं त्याच दिवशी पास केलं.

तेव्हा दरवाजावर राखणदार आहे म्हणून किती चोर पकडले एवढंच विचारू नका.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे तेही सांगतो. २४ जानेवारी २०२५ ला पीट हेगसेथ संरक्षणमंत्रिपदासाठी ५०-५० वर अडकले, तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, मॅककॉनेल, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की, आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतानं पास झाले. मंत्र्यासाठी असं इतिहासात दुसऱ्यांदा घडलं, पहिल्यांदा २०१७ ला शिक्षणमंत्री बेट्सी डिव्हॉस यांच्या वेळी. त्याच २०२५ च्या खेपेत रुबिओ ९९-० नं पास झाले होते. पूर्वी असं एकमत बऱ्याच नावांवर व्हायचं, आता ते अपवादानंच होतं. राखणदार आपल्याच पक्षाच्या माणसाला बघून डोळे मिटतो ही भीती मलाही आहे.

नागपूर : सर, घरकामाच्या बाईवरून कुणाचं मंत्रिपद गेलं असं ऐकलंय ते खरं का? एवढ्या छोट्या कारणावरून?

खरं आहे ताई. १९९३, क्लिंटन नवे नवे आले होते आणि त्यांनी झोई बेअर्ड यांना अ‍ॅटर्नी जनरल म्हणून निवडलं, त्या पदासाठी निवडलेली पहिली बाई. मग बाहेर आलं की मुलाला सांभाळायला आणि गाडी चालवायला ठेवलेल्या पेरूच्या जोडप्याकडं देशात राहायचा परवाना नव्हता आणि त्यांच्या पगारावरचा सामाजिक सुरक्षा करही वेळेवर भरला नव्हता. कायदा खात्याची प्रमुख आणि स्वतःच कायदा मोडलेला, लोकांचे फोन सुरू झाले आणि माघार घ्यावी लागली. त्यानंतर किंबा वुड या न्यायाधीशबाईंचं नाव आलं. त्यांनी कर भरलेला होता आणि तशी बाई कामावर ठेवली तेव्हा ते बेकायदाही नव्हतं, तरी त्यांचंही नाव मागं गेलं. शेवटी जॅनेट रेनो आल्या आणि ९८-० नं पास झाल्या.

मला यात राग येतो तो असा, की त्याआधी वर्षानुवर्षं पुरुष मंत्री पास होत आले, त्यांच्या घरी पोरं कोण सांभाळतं हे किती जणांनी विचारलं? बाई आली आणि प्रश्न घरात शिरला. बेअर्ड यांची चूक होतीच, पण वुड यांच्यावर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नियम सगळ्यांना सारखा लागतो असंही नाही. २००९ ला ओबामा यांच्या दोन नावांवर कराचं लचांड आलं. आरोग्यमंत्रिपदासाठी टॉम डॅशल, यांना मित्रानं गाडी आणि ड्रायव्हर दिला होता त्यावरचा कर राहिला होता, व्याजासकट जवळपास १ लाख ४० हजार डॉलर भरले तरी माघार घ्यावी लागली, आणि ओबामांनी टीव्हीवर येऊन चूक माझी म्हणून कबूल केलं. दुसरे टिमोथी गाइटनर, यांचाही सुमारे ३४ हजार डॉलरचा कर राहिला होता, आणि हे तर अर्थमंत्री होणार, कर गोळा करणारं खातं त्यांच्याच हाताखाली! ते मात्र ६०-३४ नं पास झाले. तेव्हा बँका कोसळत होत्या आणि लोकांना वाटलं हा माणूस आत्ता लागतोय. वेळ कुठली आहे यावर पण खूप अवलंबून असतं.

एडिसन, न्यू जर्सी : आम्ही इकडं मराठी मंडळात यावर बोलत होतो. सिनेटरच्या ऑफिसला फोन करून काही उपयोग होतो का की मशीनवरच राहतं?

फोन मोजले जातात. ऑफिसातली तरुण पोरं नाव, गाव, पिनकोड आणि बाजूनं की विरोधात एवढं टिपून घेतात. डिव्हॉस यांच्या वेळी इतके फोन आले की लाइनी जाम झाल्या होत्या, आणि बेअर्ड यांना तर फोननीच घरी पाठवलं म्हणा ना. ग्रीन कार्डवर असाल, मत देता येत नसेल तरी तुम्ही त्या राज्याचे रहिवासी आहात, बोलायला हरकत नाही. तुमच्या राज्याचे दोघंही सिनेटर डेमोक्रॅट आहेत, त्यामुळं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या वादग्रस्त नावावर त्यांचं मत बहुधा आधीच ठरलेलं असतं, खरी चुरस मेन आणि अलास्कासारख्या राज्यांतल्या सिनेटरांवर असते. तरी करा फोन. त्यातून एखादा नेमका प्रश्न सुचवलात, एच-वन बी व्हिसाचा म्हणा, तर तो सुनावणीत विचारला जाण्याची शक्यता असते, नुसतं 'विरोध करा' म्हणण्यापेक्षा ते बरं.

बेळगाव : आपले श्री ठाणेदार तिकडं खासदार आहेत, ते मत देतात का?

बेळगावात वाढलेले ठाणेदार मिशिगनमधून निवडून आलेत पण हाऊसवर, सिनेटवर नाही, त्यामुळं मंत्र्यांच्या संमतीत त्यांचं मत नसतं. हाऊसचा अधिकार येतो तो नंतर, मंत्र्यावर महाभियोग आणायचा असेल तेव्हा. फेब्रुवारी २०२४ मधे गृहसुरक्षा मंत्री मायोर्कस यांच्यावर हाऊसनं २१४-२१३ अशा एका मतानं महाभियोग आणला, सिनेटनं तो निकालात काढला. त्याआधीचा मंत्र्यावरचा महाभियोग थेट १८७६ चा, युद्धमंत्री बेलनॅप यांच्यावर.

म्हापसा, गोवा : राष्ट्राध्यक्षाला सिनेटला चकवायचं असेल तर वाट आहे का?

आहे, एक नाही तीन आहेत.

पहिली म्हणजे ज्या पदाला संमती लागतच नाही तिथं माणूस बसवायचा. व्हाइट हाऊसचा चीफ ऑफ स्टाफ, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, ही केवढी वजनदार पदं, पण सिनेट विचारतही नाही. नीरा टंडन यांचं उदाहरण घ्या. बायडेन यांनी त्यांना बजेट कार्यालयाच्या प्रमुख म्हणून सुचवलं, सिनेटरांवर केलेले जुने ट्वीट आड आले, स्वतःच्याच पक्षाचे जो मॅन्चिन विरोधात गेले, मार्च २०२१ मधे माघार. मे महिन्यात त्याच व्हाइट हाऊसमधे वरिष्ठ सल्लागार!

दुसरी वाट 'अ‍ॅक्टिंग', म्हणजे आपल्या भाषेत प्रभारी. १९९८ चा कायदा आहे, साधारण २१० दिवस प्रभारी ठेवता येतो, नवा राष्ट्राध्यक्ष आल्या आल्या रिकाम्या असलेल्या जागांना ३०० दिवस. ट्रम्प यांनी पहिल्या कार्यकाळात उघड सांगितलं होतं की मला प्रभारी आवडतात, हात मोकळे राहतात. गृहसुरक्षा खातं एप्रिल २०१९ पासून कार्यकाळ संपेपर्यंत प्रभारींवरच चाललं. प्रभारी मुख्याध्यापकावर वर्षानुवर्षं शाळा चालली की काय होतं ते आपण बघितलंय, इथं तर अख्खं खातं होतं.

तिसरी वाट सिनेट सुट्टीवर असताना नेमणूक करायची. घोड्यावरून यायला आठवडे लागायचे त्या काळातली ही सोय. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दहा दिवसांपेक्षा छोटी सुट्टी ही सुट्टीच धरायची नाही, आणि सिनेट आता दर तीन दिवसांनी एखाद्या सदस्याला बसवून मिनिटभराची बैठक उरकतं, म्हणजे सुट्टी होतच नाही.

नाशिक : माझा मुलगा लागोसला नोकरीला आहे. तो म्हणतो नायजेरियातपण मंत्र्यांना सिनेटसमोर उभं राहावं लागतं. अजून कुठं आहे हे?

मुलगा बरोबर सांगतोय. तिथं घटनेतच आहे की ३६ राज्यांपैकी प्रत्येकातून किमान एक मंत्री हवाच. २०१५ ला बुहारी यांनी २९ मे ला शपथ घेतली आणि मंत्री शपथ घेतायत ११ नोव्हेंबरला, साडेपाच महिने देश मंत्र्यांशिवाय! त्यानंतर घटना बदलून ६० दिवसांत नावं पाठवायची अट घातली. २०२३ ला टिनुबू यांनी ४८ नावं पाठवली, सिनेटनं ४५ पास केली आणि तिघांना सुरक्षा तपासणीसाठी थांबवलं. पण तिथं एक वाईट चाल पडलीये, माजी खासदार वगैरे समोर आला की त्याला प्रश्न न विचारता 'नमस्कार करा आणि जा' म्हणतात. जो सगळ्यात जास्त काळ सत्तेत होता त्यालाच प्रश्न नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

फिलिपिन्समधे दोन्ही सभागृहांचे मिळून २५ जणांचं मंडळ असतं, त्यांनी मे २०१७ मधे खाणी बंद करायला निघालेल्या पर्यावरणमंत्री जिना लोपेझ यांना नाकारलं. अफगाणिस्तानात जानेवारी २०१० मधे करझाई यांच्या २४ पैकी १७ नावांना संसदेनं एका दिवसात नकार दिला, दुसरी यादी आणली तर त्यातलीही दहा पडली. इराणमधे उलट, ऑगस्ट २०२४ मधे पेझेश्कियान यांची १९ च्या १९ नावं पास. मला मनापासून आवडते ती केनियाची पद्धत. नावं आली की वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून लेखी हरकती मागवतात, कुणीही साध्या माणसानं प्रतिज्ञापत्र द्यावं, समितीला ते बघावं लागतं. २०२४ ला तरुणांच्या आंदोलनानंतर रुटो यांनी मंत्रिमंडळ बरखास्त करून नवं आणलं तेव्हा त्यातलं एक नाव संसदेनं परत पाठवलं.

लातूर (निवृत्त शिक्षक) : महोदय, आपल्या घटनाकारांनी हे का स्वीकारलं नाही? बाबासाहेबांना अमेरिकेची घटना तर चांगली माहीत होती.

गुरुजी, माहीत होती म्हणूनच विचार करून सोडली. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी, आणि आपण जबाबदारीला झुकतं माप दिलंय. आपला मंत्री रोज सभागृहात बसतो, प्रश्नोत्तरं, ठराव, अविश्वास, अशी त्याची परीक्षा रोज होते. अमेरिकन मंत्र्याला असं रोज सभागृहात उभं राहावं लागत नाही, म्हणून त्याला दारातच थांबवून तपासतात.

हिशोब म्हणून हे पटतं. पण रोजची परीक्षा खरंच रोज होते का, अधिवेशनाचे दिवस किती, प्रश्नोत्तराचा तास किती वेळा गोंधळात वाहून जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. घटना समितीतच प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली होती की मंत्र्यानं पद घेण्याआधी आपली मालमत्ता आणि हितसंबंध जाहीर करावेत, ती मंजूर झाली नाही. आता निवडणुकीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र येतं, गुन्हे, जमीन, सोनं, कर्ज सगळं त्यात असतं. म्हणजे कागद आपल्याकडंही आहे. पण त्या कागदावर बोट ठेवून, ही जमीन कुठून आली आणि महसूल खातं तुम्हालाच का, असं शपथेआधी समोर बसवून विचारणारं कुणी नाही. मला वाटतं सिनेटसारखा नकाराधिकार आपल्याला नको, आघाडीच्या राजकारणात त्याचा उपयोग सरकारं पाडायलाच होईल, पण नव्या मंत्र्यानं खातं घेतल्यावर महिनाभराच्या आत संबंधित समितीसमोर दोन तास उघड प्रश्नांना उत्तरं द्यावीत, मतदान नको, नुसते प्रश्न, एवढं तरी व्हायला पाहिजे. दक्षिण कोरियात जवळपास तसंच आहे, मंत्र्याची सुनावणी होते पण संसदेचा नकार राष्ट्राध्यक्षावर बंधनकारक नसतो.

पुन्हा सदाशिव पेठ : सर, हे हिअरिंग आपल्याला इथून बघता येतं का?

येतं की, फुकट. समित्यांच्या वेबसाइटवर थेट दिसतं आणि सी-स्पॅन या चॅनलवर जुनी रेकॉर्डिंगही पडलेली आहेत. जानेवारीत वॉशिंग्टनला सकाळचे दहा वाजले की आपल्याकडं रात्रीचे साडेआठ, म्हणजे मेसमधून जेवून आलास की लाव. १४ जानेवारी २०२५ ची हेगसेथ यांची सुनावणी मी अशीच रात्री आठपासून पाहिली होती, चार तासांच्या वर चालली. बघताना एक कर, वही घेऊन बस आणि उमेदवार जिथं जिथं म्हणेल की 'याचं उत्तर मी नंतर लेखी देतो' ते प्रश्न टिपून ठेव. ती लेखी उत्तरं नंतर कामकाजात छापली जातात. तीही काढून वाच.